‘तुघलक’चं नेपथ्य करताना: नमाज, नाणी आणि गुलाबाची बाग

‘तुघलक’, म्हणजे दिल्लीचा सुलतान मोहम्मद तुघलक याच्यावरचं नाटक, करायला घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा सुलतानाचं काम कोण करणार यावर होते आणि दुसरी, हे नाटक आजच्या राजकारणाला कसं लावायचं यावर. आमच्या संभाजीनगरच्या हौशी ग्रुपमध्येही तेच झालं. नेहरूंनंतरच्या भ्रमनिरासाचं नाटक, अति हुशार राजाची शोकांतिका, वेडा मोहम्मद, सगळं बोलून झालं. माझ्याकडे नेपथ्य आणि प्रॉपर्टी होती, त्यामुळे मी संहिता आणि पेन्सिल घेऊन कुठल्या प्रवेशात कुठली वस्तू लागते याची यादी करत होते. बुद्धिबळाचा पट, शाही झगा, नमाजाच्या चटया, तलवारी, नाणी, पत्रं. यादी करता करता लक्षात आलं की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दोनदा येते, पहिल्यांदा सुलतानाच्या मनात ती जशी होती तशी आणि दुसऱ्यांदा त्याच्याच हातून तिचं जे झालं ते घेऊन. गिरीश कार्नाडांनी 1964 मध्ये, पंचविशी-सव्विशीच्या वयात हे कन्नडमध्ये लिहिलं, आणि मराठीत ते विजय तेंडुलकरांनी आणलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण राजसत्तेबद्दल त्यांना जे म्हणायचंय त्यातलं अर्धं त्यांनी संवादांत न ठेवता वस्तूंमध्ये ठेवलंय, हे मला त्या यादीमुळे दिसलं, आणि पुढची सगळी तालीम मी त्याच एका गोष्टीमागे लागले होते.

नाटकाचे तेरा प्रवेश आहेत आणि रचना पारशी थिएटरसारखी, म्हणजे एक प्रवेश पुढच्या उथळ जागेत, पडद्यापुढे, रस्त्यावरच्या लोकांचा, अझीझ आणि आझम या दोन भामट्यांचा, आणि दुसरा मागच्या खोल जागेत, महालाचा. पुढचा प्रवेश चालू असताना मागे सेट बदलायचा ही जुनी सोय. कार्नाडांनी ती घेतली पण ती सोयीपुरती राहत नाही हे उभं केल्यावरच कळतं, कारण पडद्यापुढे जे चोरून होतंय तेच पडद्यामागे फर्मानाने होत असतं. त्यामुळे माझा पहिला हट्ट हा होता की मधला पडदा खराखुरा कापडाचा पाहिजे, दोरीने सरकणारा, लाइटने केलेला नाही. डिरेक्टरला आधी ब्लॅकआउट हवे होते, वेग राहतो म्हणून. पण पडदा आला आणि अझीझ तो स्वतःच्या हाताने सरकवून पुढे यायला लागला तसा तोही मानला.

कपड्यांचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं होतं आणि सगळ्यात जास्त बोलून गेलं. अझीझ जातीने धोबी. दुसऱ्यांचे कपडे धुणारा माणूस, आणि नाटकभर तो दुसऱ्यांचेच कपडे घालत जातो. पहिल्याच प्रवेशात विष्णुप्रसाद नावाचा ब्राह्मण बनून तो थेट सुलतानाविरुद्ध दावा लावतो, जमीन बळकावली म्हणून, आणि काझी सुलतानाविरुद्ध निकाल देतो, अझीझला पाचशे दिनार आणि वर नोकरी. यामागे इतिहासाचा धागा आहे. इब्न बतूताने लिहून ठेवलंय की एका हिंदू सरदाराने तक्रार केल्यावर मोहम्मद तुघलक पायी, निःशस्त्र काझीपुढे जाऊन उभा राहिला. म्हणजे न्यायाची जी प्रतिमा सुलतानाने मनापासून उभी केली, तिच्यावर पहिल्या दिवशीच धोब्याने हात मारलाय आणि हे फक्त प्रेक्षकाला माहीत.

दुसरीकडे शेख इमामुद्दीन. सुलतानावर उघड टीका करणारा हा माणूस दिसायला थेट सुलतानासारखा. सुलतान त्याला शाही झगा चढवून दिल्लीवर चालून येणाऱ्या ऐन-उल-मुल्ककडे शांततेचा दूत म्हणून पाठवतो, आणि तिकडे हत्तीवर बसलेला शेख सुलतान समजून मारला जातो. हे आपल्याला दिसत नाही, पुढच्या प्रवेशात रतनसिंग सांगतो. माझ्या यादीत ‘झगा, शेखसाठी, एक’ असं होतं आणि ‘झगा, सुलतान’ असं वेगळं. मी दोन्ही खोडून एकच लिहिला. सुलतान स्वतःच्या अंगावरचा झगा काढतो आणि शेखच्या खांद्यावर टाकतो, असं बसवलं. त्यानंतर नाटक संपेपर्यंत सुलतानाच्या अंगावर झगा नाही, नुसता पांढरा अंगरखा. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, की तो झगा मेलेल्या माणसाच्या अंगावर आहे. पण कुणाला विचारावं लागलं नाही. तालमीत पहिल्यांदा तो झगा खांद्यावर पडला तेव्हा शेखचं काम करणाऱ्या आमच्या काकांनी दोन्ही हातांनी त्याचा काठ नकळत गच्च धरला, जसं थंडीत शाल धरतो तसं. ते तसंच ठेवलं. ज्याला मारायचंय त्याला ऊब देणारी सत्ता, यापेक्षा नेमकं मला तरी काही सुचलं नसतं.

आता नमाज. या प्रवेशावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच पाहिजे होता. सुलतानाने स्वतः पाच वेळची नमाज सक्तीची केलेली. अमीर, म्हणजे दरबारी सरदार, कट करतात, आणि ठरतं काय, तर त्याला नमाजाच्या वेळीच मारायचं, तेव्हा तो बेसावध असणार. आता हे नुसतं कथानक म्हणून सांगितलं तरी अंगावर येतं, पण रंगमंचावर त्याचं वजन तेव्हाच पडतं जेव्हा नमाज खरी वाटते. आमच्यातल्या एका मित्राचे वडील तालमीला यायला तयार झाले. त्यांनी पोरांना आधी नुसतं उभं राहायला शिकवलं, नजर कुठे, हात कुठे, मग रुकू म्हणजे कमरेतून वाकणं, मग सजदा म्हणजे कपाळ टेकणं, आणि म्हणाले की यात घाई दिसली तर सगळं खोटं दिसेल, ज्याच्या मनात खून आहे तोसुद्धा सजद्यात तितकाच वाकतो. या वाक्यावर आमचा अख्खा प्रवेश उभा राहिला. काही तालमींत पोरं फक्त तेवढंच करत होती, संवाद नाहीत, तलवारी नाहीत.

मग प्रश्न आला तोंड कुठे करायचं. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला. नाटकात बऱ्याचदा सोय म्हणून कलाकारांना प्रेक्षकांकडे तोंड करून नमाज पढायला लावतात, चेहरे दिसतात म्हणून. आम्ही पश्चिम म्हणजे डावी विंग असं ठरवून टाकलं आणि अख्ख्या नाटकात ती दिशा पाळली. याचा फायदा असा झाला की सगळे एका रांगेत बाजूने दिसतात, वाकताना रांगेची एक रेषा होते आणि ती मोडते ती शिहाबुद्दीन उठतो तेव्हा. इतर अमीर उठतात, शस्त्रं बाहेर येतात, आणि सुलतान वळून बघतो आणि नमाज पुढे चालू ठेवतो. थांबत नाही. मागच्या पडद्यातून भालेवाले हिंदू शिपाई येतात, कट फुटलेला आहे हे त्याला आधीपासून माहीत आहे.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की त्याला माहीत असूनही तो नमाजाला बसला. म्हणजे दोन्ही बाजूंनी नमाज हे हत्यारच झालंय, अमीरांच्या बाजूने मारायला आणि त्याच्या बाजूने पकडायला. ज्या माणसाची देवाशी बोलायची एकच जागा होती ती त्याने स्वतः सापळा म्हणून वापरली. त्यानंतर तो शिहाबुद्दीनला स्वतःच्या हाताने भोसकतो, पुन्हा पुन्हा, आणि लगेच राज्यभर नमाजावर बंदी घालतो आणि दिल्लीतल्या प्रत्येकाने दौलताबादला निघायचं असं फर्मान काढतो. मी प्रॉपर्टीवाली म्हणून एकच गोष्ट मागितली, रक्त चटईवर दिसायला हवं, अंगावर नाही दिसलं तरी चालेल. आणि ती चटई उचलायची नाही. पुढचा प्रवेश पडद्यापुढे, दिल्ली-दौलताबाद रस्त्यावरच्या तळाचा, तिथे आजारी मूल घेऊन आलेल्या बाईला अझीझ पैशासाठी अडवून ठेवतो. पडद्यामागे ती चटई तशीच पडलेली आहे हे प्रेक्षकांना दिसत नाही पण ठाऊक असतं.

आणि नमाज दुसऱ्यांदा येते ती अकराव्या प्रवेशात. पाच वर्षांनी, खलिफांच्या वंशातला गियासुद्दीन येणार, त्याच्या स्वागताबरोबर नमाज पुन्हा सुरू होणार. सुलतान गर्दीसमोर त्याच्या पायावर पडतो. आणि तो गियासुद्दीन नसतो, त्याला वाटेत मारून त्याच्या कपड्यांत आलेला अझीझ असतो. मला हा प्रवेश वाचताना वाईटच वाटायचं. तोपर्यंत सुलतानाचा तिरस्कार वाटायला हवा खरं तर, पण तो ज्या भुकेने त्या खोट्या पवित्र माणसाकडे बघतो ते बघवत नाही. तिथे मी तीच चटई पुन्हा अंथरायला लावली, डागासकट.

दौलताबादला गेलो ते यानंतर. इतक्या जवळ राहून, म्हणजे शहरापासून पंधराएक किलोमीटर, वेरूळला जाताना दर वेळी बसमधून दिसतो तो किल्ला, आणि नाटकातल्या आठव्या प्रवेशाची जागा तीच. त्या प्रवेशात रात्री तटावर दोन पहारेकरी बोलत असतात, एक म्हातारा, एक एकोणीस वर्षांचा. म्हातारा सांगतो की किल्ल्याच्या पोटात एक लांब पोकळ वाट आहे, भल्यामोठ्या अजगरासारखी वेटोळं घालून पडलेली. तो पुढे असंही म्हणतो की हा किल्ला बाहेरून कुणी घेऊ शकणार नाही, पडला तर आतूनच पडेल.

ज्यांनी अंधारी, म्हणजे किल्ल्यातली ती वाट, बघितली आहे त्यांना हे वाचताना काय होतं ते सांगायला नको. खंदकावरचा पूल ओलांडून आत गेलं की ती वाट सुरू होते, अखंड कातळात कोरलेली, वळत वळत वर जाणारी, पायऱ्या एकसारख्या नाहीत, वटवाघळांचा तो उग्र वास. आमच्याबरोबरच्या गाइडने मध्येच एका वळणावर सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. डोळ्याला डोळा दिसेना. मग म्हणाला, शत्रूला इथे उजेड दिसायचा त्या बाजूला तो जायचा आणि तिथून थेट खाली खंदकात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि त्यावर जाळ करायचा, म्हणजे आत आलेला धुराने कोंडणार. मी तिथे भिंतीला हात लावून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की ही वाट शत्रूला आत घेऊन मारायला केली आहे, बाहेर ठेवायला नाही. म्हणजे सहाव्या प्रवेशातला नमाजाचा सापळा आणि ही अंधारी एकाच डोक्यातून आल्यासारख्या. किल्ला यादवांचा, देवगिरी, तुघलकाच्या कितीतरी आधीचा, हे आपल्याकडे शाळेपासून माहीत असतं. नाटकातला सुलतान मात्र त्या पोराला सांगतो की एकविसाव्या वर्षी इथे आलो आणि हा किल्ला बांधला, प्रत्येक वीट लावताना उभा होतो. इतिहासाच्या दृष्टीने चूक म्हणून कुणी हसेल, मला ते नाटककाराने जाणून केलेलं वाटतं. त्या अजगराचा बाप तोच, असं त्याला दाखवायचं आहे.

परत आल्यावर अजगर सेटवर दाखवायचा का यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं मागच्या फ्लॅटवर, म्हणजे सेटच्या उभ्या फळीवर, वेटोळ्यांचं चित्र काढू, कुणी म्हणालं प्रोजेक्शन. मी ठाम नाही म्हटलं. प्रतिमा शब्दांत आहे, म्हाताऱ्याच्या तोंडी आहे, तिला रंगवून टांगली की ती मेली. आम्ही एवढंच केलं की त्या प्रवेशानंतर महालात येणारं प्रत्येक पात्र सरळ आत येत नाही. विंगेतून सुलतानापर्यंतची वाट लेव्हल, म्हणजे उंचवटे, लावून मुद्दाम वाकडी केली, दोन वळणं घेऊन यावं लागतं, आणि पहिल्या वळणावर माणूस क्षणभर लाइटच्या बाहेर जातो. इतिहासकार बरनी, सुलतानाची सावत्र आई, शेवटी अझीझ, सगळे त्याच वाटेने. प्रयोगानंतर एका मावशींनी विचारलं, दिल्लीत सगळे सरळ चालायचे, दौलताबादला आल्यावर असे काय फिरून फिरून येत होते. मला इतका आनंद झाला, की कुणीतरी पाहिलं.

बुद्धिबळाबद्दल थोडक्यात. दुसऱ्या प्रवेशात सुलतान एकटाच पटापुढे बसलाय, अल-अदलीचा जुना डाव सोडवल्याच्या आनंदात, आणि ही बातमी ऐन-उल-मुल्कला कळवायची म्हणतो, कारण बुद्धिबळातला त्याच्या तोडीचा तोच. तोच दिल्लीवर चालून येतोय. मित्र आणि मोहरा यांतलं अंतर तिथेच पुसलं जातं. आम्ही पट लाकडाचा मोठा घेतला आणि पहिल्या भागात तो हलवलाच नाही, एवढंच.

नाण्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मला विचाराल तर नाटकाचं काळीज दहाव्या प्रवेशात आहे. इतिहास थोडा असा, की 1329-30 च्या सुमारास सुलतानाने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या किमतीला चालवायची म्हणून हुकूम केला. यातली काही नाणी दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत. त्यांवर लिहिलं होतं की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो त्या दयाळू ईश्वराची आज्ञा पाळतो. म्हणजे धातूला किंमत नाही, किंमत माझ्या शब्दाला, आणि माझा शब्द देवाचा. घरोघरी बनावट नाणी पडायला लागली आणि शेवटी त्याने ती सगळी खऱ्या चांदी-सोन्याच्या बदल्यात परत घ्यायचं जाहीर केलं. बरनीने, म्हणजे खऱ्या इतिहासकार बरनीने, लिहिलंय की तुघलकाबादेत त्या नाण्यांचे डोंगर साचले होते.

कार्नाडांनी ते डोंगर उचलून गुलाबाच्या बागेत आणून ठेवले. हे वाचलं तेव्हा मी संहिता मिटून ठेवली आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. ही बाग सुलतानाने फारसी कवी सादीच्या कवितांसाठी लावलेली, एकेक गुलाब म्हणजे एकेक कविता व्हावी म्हणून. आता गाड्याच्या गाड्या खोट्या नाण्यांच्या येतायत आणि तिथे ओतल्या जातायत. सावत्र आई विचारते आणि तो जे उत्तर देतो त्याचा मतलब असा, की मढं समोर असताना वेगळ्या प्रतीकाची गरज काय. नाटकातलं पात्र स्वतःच प्रतीकाबद्दल बोलतंय, आणि तेही ते टाकून देताना.

आता हे दाखवायचं कसं. स्टेजवर नाण्यांचा ढीग घालावा तर तो खजिन्यासारखा चमकतो आणि सगळा अर्थच उलटा होतो, लोकांना श्रीमंती दिसते. म्हणून नाणी दाखवायची नाहीत, ऐकवायची, असं ठरवलं. खेळण्यातली नाणी बघितली, पत्र्याचे तुकडे बघितले, आवाज पातळ येत होता. शेवटी भंगारवाल्याकडून जुने लोखंडी वॉशर आणले, पोतीच्या पोती, लहानमोठे मिसळलेले, आणि उजव्या विंगेत जाड प्लायवर ओतायचे. रेकॉर्डिंग वापरायचं नाही यावर मी अडून बसले, कारण स्पीकरमधून येणारा आवाज सगळीकडून येतो आणि हा आवाज त्या बाजूला धरलेल्या बागेकडच्या खिडकीतूनच यायला हवा होता. दोन पोरं पूर्ण प्रवेशभर पोती उचलून ओतत होती, भरत होती, पुन्हा ओतत होती. मायलेकरांचं बोलणं चालू, मागे तो खळखळाट, आणि सुलतानाला त्याच्यावर आवाज चढवून बोलावं लागतंय. सावत्र आई कबूल करते की वजीर नजीबला मीच मारलं, तेव्हा ओतणं थांबवलं. आणि तो तिला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा देतो, ती आक्रोश करते, तिला ओढून नेतात, तेव्हा पुन्हा एक पोतं, सावकाश. नाणी आणि दगड यांत फरक राहिला नाही. हे आधी ठरवलेलं नव्हतं, तालमीत एका पोराच्या हातून पोतं त्या क्षणी सुटलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, मग तेच पक्कं केलं.

बागेचं पहिलं रूप कुठेतरी दिसायला हवं होतं, नाहीतर दुसरं रूप कशाच्या तुलनेत बघायचं. म्हणून आठव्या प्रवेशात सुलतान रात्री तटावर येतो तेव्हा त्याच्या हातात एक गुलाब दिला, खरा, बाजारातला देशी, वासाचा. त्या एकोणीस वर्षांच्या पोराशी बोलताना तो ते फूल त्याच्या हातात देतो. पोरगं भाला सावरत ते धरून उभं, काय करावं कळत नाही. बस, तेवढंच. काही जणांना ते जास्तीचं वाटलं, संहितेत नाही म्हणून. मला अजूनही वाटतं की ते हवं होतं.

शेवटचा प्रवेश नटाचा आहे, तिथे माझ्याकडे फार काही नव्हतं. झोप हा धागा दुसऱ्या प्रवेशापासून आहे, तिथे आई काळजी करते की हा झोपतच नाही, आणि तो तारुण्याच्या जोरात झोप नको म्हणतो. शेवटी अझीझचं सगळं बिंग फुटल्यावर सुलतान त्याला शिक्षा देत नाही, दख्खनमध्ये अधिकाऱ्याची जागा देतो, बरनी निरोप घेऊन जातो, आणि पाच वर्षांत न आलेली झोप त्याला सिंहासनावर बसल्या बसल्या लागते. अजान होते. तो दचकून जागा होतो आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. डिरेक्टरची इच्छा अजानच्या वेळी डाव्या विंगेतून, म्हणजे आम्ही पश्चिम धरली होती तिथून, प्रकाश टाकायची होती. मी म्हटलं टाका, पण सुलतानाचं तोंड उजवीकडे असू दे, नाण्यांच्या खिडकीकडे. त्यावर आमचं बराच वेळ चाललं. डिरेक्टरला म्हणणं पटलं, नटाला पटलं नाही, त्याचं म्हणणं की जागा झालेला माणूस उजेडाकडेच बघणार. एका प्रयोगात माझ्या पद्धतीने केलं, एका त्याच्या. त्याच्या पद्धतीत सुलतान उजेडाकडे बघतो आणि तरीही त्याला काही ओळखू येत नाही, आणि खरं सांगायचं तर ते जास्त भेदक झालं, पुढच्या प्रयोगाला तसंच ठेवणार आहोत.